हातगुण

"हिच्या हाताला गुण आहे हो, मॅडम," राजाध्यक्ष सर म्हणाले आणि श्रुतिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तसं पाहिलं तर वाक्य साधं होतं, कौतुकाचं होतं, आणि सर ते वर्षानुवर्षं म्हणत आले होते. डिपार्टमेंटच्या स्टाफरूममध्ये चहा चालला होता, बशीत खारी होती, आणि दुपारच्या सेमिनारसाठी पाहुण्या म्हणून आलेल्या डॉ. वसुधा नाडकर्णी खारीचा तुकडा कपात बुडवताना तो तुटून पडणार नाही ना याकडे लक्ष ठेवून होत्या. "जिथं दुसऱ्या कुणाचं काही पडत नाही, तिथं हिचे क्रिस्टल पडतात," सर सांगत होते. "लॅबची लक्ष्मी आहे आमच्या." मॅडम "अरे वा" म्हणाल्या, खारी वेळेत तोंडात गेली. मग सरांनी शेजारी उभ्या असलेल्या अनयच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि हा अनय. दुपारी हा बोलणार. डोकं आहे पोराला." एवढंच. हिला हात, त्याला डोकं. वाटणी झाली, आणि वाटणी करणारा माणूस इतका प्रेमळ हसत होता की त्याच्यावर ओरडायचीही सोय नव्हती. सर वाईट नव्हते हाच तर सगळा घोळ होता. वाईट माणसाशी भांडता येतं. दिवाळीला घरचा फराळ आणून देणाऱ्या, आजारी पडल्यावर स्वतः फोन करणाऱ्या, "पोरी जेवलीस का" असं विचारणाऱ्या माणसाशी कुठल्या तोंडाने भांडायचं? कप ठेवून ती बाहेर आली तेव्हा अनय सेमिनार हॉलमध्ये लॅपटॉप जोडून बघत होता आणि पडद्यावर पहिली स्लाइड आली होती. लोखंडाचं ते संयुग, तिचं संयुग, तिनेच बनवलेलं, थंडीत रंग बदलणारं. वर लांबलचक नाव. खाली दोन माणसं: राजाध्यक्ष सर आणि अनय. तिने दोनदा वाचलं. दोनच होती.

अंधेरीच्या त्या कॉलेजात इनऑर्गॅनिक केमिस्ट्रीत पीएचडीला तिचं हे चौथं वर्ष, आणि अनयचं दुसरं. चार वर्षांत तिने जे काही कमावलं ते एवढंच संयुग होतं. त्याच्यावर तिचा प्रबंध उभा राहायचा होता. वसुधा मॅडम ते त्यांच्या संस्थेतल्या मोठ्या मशीनवर मोजायला नेणार होत्या, मग पेपर होणार होता, आणि आज स्लाइडवर जी नावं, तीच उद्या पेपरवर, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. एकदा तो पेपर छापून आला की तिच्या प्रबंधातलं ते प्रकरण म्हणजे दुसऱ्याने लिहिलेलं पुन्हा उतरवून काढणं. परीक्षक विचारणार, यात तुमचं काय? काय सांगायचं? माझा हात?

"श्रुती, ऐक ना," अनय मागून आला. "डेमोची ट्यूब तू भरशील ना? आणि सॅम्पल मस्त सुकव हां यार. गेल्या वेळी काचेला चिकटलेलं, कॅमेऱ्यात घाण दिसत होतं. आज मोठ्या पडद्यावर दाखवायचंय."

"सुकवू?"

"अगं म्हणजे काय? सरांच्या लॅबमध्ये ओलं सॅम्पल? वाट लागेल आपली."

"पूर्ण सुकवू?"

"पूर्ण. कोरडं ठाक. पंपावर लाव ना तासभर." तिचा चेहरा बघून तो जरा थांबला, मग नेहमीसारखा गोड हसला. "तुझ्या हाताने होतंय, मग काय टेन्शन?"

ती सांगणार होती. अगदी जिभेवर आलं होतं. अनयशी तिचं वाकडं नव्हतं. मुलुंडहून रोज येताना तो कधी तिच्यासाठी समोसा आणायचा, तिच्या इंग्रजीतल्या चुका न हसता काढून द्यायचा. ती म्हणणार होती, अरे बाबा, हे सुकवायचं नाही, सुकवलं की ते मरतं. पण तो 'हाताने' म्हणाला, आणि तोंडात आलेले शब्द तिने मूग गिळावेत तसे गिळून टाकले. "ठीकाय," ती म्हणाली. "तू सांगतोस तसं करते."

लॅबमध्ये येऊन तिने क्रिस्टलची बाटली काढली. तळाशी फिकट, जवळजवळ पांढरे दाणे होते आणि त्यांच्यावर बोटभर अल्कोहोल. या लॅबची एक रीत होती आणि ती सरांच्या तरुणपणात पडली होती. त्यांचं पहिलंवहिलं संयुग कुठल्याशा तपासणीतून परत आलं होतं, कार्बन किती, हायड्रोजन किती याचे आकडे जुळले नाहीत म्हणून, आणि कारण निघालं होतं आत राहिलेलं पाणी. तेव्हापासून सरांनी शपथ घेतल्यासारखं केलं होतं. जे काही बनेल ते गाळायचं, धुवायचं, आणि पंपावर लावून हवा ओढून घ्यायची, वजन हलायचं थांबेपर्यंत. ओलं कंपाऊंड दिसलं की सरांना पाल दिसल्यासारखं व्हायचं. नवीन पोरांना पहिल्या दिवशी हीच दीक्षा मिळायची: कोरडं ते शुद्ध. तिनेही ती घेतली होती. तिनेही पहिलं वर्षभर सगळं काही वाळवून वाळवून हाडं केली होती, आणि मग एकदा कंटाळा आला म्हणून, केवळ कंटाळा आला म्हणून, बाटलीतले ओले दाणे तसेच एका बारीक नळीत भरून ते लिक्विड नायट्रोजनमध्ये बुडवले होते. शेजारच्या मशीनसाठी आणलेला तो द्रव थर्मासच्या तळाशी थोडासा उरला होता, उडूनच जाणार होता. नळी वर काढली तर आत जांभूळ. खरंखुरं पिकलेलं जांभूळ, जिभेला डाग पाडणारं. बघता बघता ते उबेला फिकं होत गेलं आणि पुन्हा पांढरं झालं. तिने पुन्हा बुडवलं. पुन्हा जांभूळ. तिला हसू फुटलं होतं, रडू फुटलं होतं, आणि एप्रनच्या बाहीने नाक पुसत ती सरांच्या केबिनकडे पळत सुटली होती.

"वा!" सर म्हणाले होते. "हाताला गुण आहे पोरी तुझ्या."

त्या दिवशी ते तिला गोडच लागलं होतं, हे आठवून आता तिने पंपाची नळी बाटलीला इतक्या जोरात बसवली की काच कुरकुरली. वाकोल्याला घरी जाऊन तिने आईला सांगितलं होतं. आई, विमला, मे महिन्यात आख्ख्या चाळीला मालवणी मसाला करून देणारी. तिच्या हाताच्या चवीची कीर्ती कलिनापर्यंत. तिला तर आकाश ठेंगणं झालं. "हातगूण आसा म्हनाले सर? गो बाय माझे! माझ्या आवशीचो हात तुका इलो." आणि तिने शेजारच्या सोनूबाईंना हाक मारून लेकीबद्दल तेवढंच सांगितलं, चेडवाच्या हाताक गूण आसा. काय केलं, कसं केलं, लोखंड थंडीत जांभळं का होतं, ते विचारायचं कुणाला सुचलंच नाही. श्रुतिकाने आपणहून सांगून बघितलं होतं. "बघ गं आई, लोखंडाकडे सहा इलेक्ट्रॉन असतात. आता आपली खोली घे. खाली तीन अंथरुणं, वर माळ्यावर दोन. उकडायला लागलं की कसं, एकमेकांना चिकटून कोण झोपणार? चौघं खाली राहतात, दोघं माळ्यावर चढतात. आणि थंडी पडली की सगळे सहाच्या सहा खाली येऊन जोडीजोडीने एका पांघरुणात. तेवढ्याने रंग बदलतो." आई म्हणाली होती, "खरा आसा ता. माळ्यार काय कमी उकडता?" बाबा हसले होते. दशरथ घाडी, गोरेगावच्या स्टुडिओत लाइटमन. आजोबांची गिरणी बंद झाली तेव्हा शाळा सोडून लाइटच्या खाली उभे राहिले ते तिथेच. "आपण दिवा धरायचा, बाय," ते म्हणाले होते. "थोबाड दुसऱ्याचं दिसतं. पण दिवा नसेल तर थोबाड कुठे? एवढं आपल्याला माहीत असलं की झालं." त्यांना ते खरंच पुरत होतं, याचाही तिला आता संताप आला. आजोबा राजाराम मागावर, बाबा दिव्याखाली, आई पाट्यावर, आणि सगळ्यांच्या हाताला गुण. घराण्यात डोकं असल्याचा वहीम कुणाला पिढ्यान् पिढ्या आला नव्हता, आणि खुद्द घराण्यालाही नव्हता.

पंप घरघरत होता. बाटलीतलं अल्कोहोल निघून गेलं होतं, आता दाण्यांच्या आतलं निघत होतं. ते डोळ्यांना दिसत नाही. फक्त दाण्यांवरची चमक जाते, खडीसाखर उघडी राहिली की होते तशी. ती जाताना दिसत होती तिलाच, कारण जगात फक्त तिला माहीत होतं की काय बघायचं. जांभूळ पहिल्यांदा दिसलं त्यानंतर तिने रीतीप्रमाणे ते संयुग वाळवलं होतं आणि पुन्हा बुडवलं होतं, आणि ते पांढरंच राहिलं होतं. पुन्हा बनवलं, पुन्हा वाळवलं, पुन्हा पांढरं. ओलं ठेवलं की जांभूळ. हे का होत होतं ते तिला महिने न् महिने कळलं नव्हतं. नाकी नऊ आले होते. मग एका रविवारी ती बाबांना डबा द्यायला गोरेगावला गेली होती आणि परत येताना आरेतून मरोळकडे जाणाऱ्या बसमध्ये मागच्या लांब सीटवर बसली होती. सीटवर आधीच सगळे दाटीवाटीने बसलेले, त्यात एक जाड गृहस्थ दोघांच्या मध्ये पाचरीसारखे घुसले. त्यानंतर कुणी एकाने जरा पाय हलवला तरी धक्का या टोकापासून त्या टोकापर्यंत. तबेल्यांच्या वासाच्या स्टॉपवर गृहस्थ उतरले. सगळे सैल झाले, पसरले, आणि आता ज्याने त्याने आपापलं हलावं, दुसऱ्याला पत्ता नाही. श्रुतिका खिडकीबाहेर बघत होती, झाडं सरकत होती, आणि तिला एकदम समजलं. अल्कोहोलचा एक रेणू. प्रत्येक दोन लोखंडांच्या मध्ये पाचरीसारखा बसलेला. तो आहे तोवर एक लोखंड थंडीने आवळलं की शेजारचं आवळतं, त्याच्या शेजारचं आवळतं, सगळा दाणा एका दमात जांभळा होतो. तो काढून घेतला की सगळे सैल, कुणाचं कुणाला कळत नाही, आणि काहीच होत नाही. अशुद्धी नव्हतीच ती. तोच तर जीव होता. तिचा स्टॉप मागे गेला तरी तिला भान नव्हतं. तिथे हात कुठे होता तिचा? मांडीवर. रिकाम्या डब्याच्या पिशवीवर. दोन्ही हात शांत पडले होते आणि डोकं असं काही पेटलं होतं की ती आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला घाबरली होती.

दुसऱ्याच दिवशी तिने ते सरांना सांगितलं होतं. कितीदा तरी मनात घोळवून, कागदावर आकृती काढून. "सर, सुकवलं की रंग बदलत नाही. मला वाटतं आतलं अल्कोहोल..." सरांनी चष्मा वर केला होता. "ओलं सॅम्पल बुडवलंस तू?" त्यांना इतकंच ऐकू आलं. "अगं, आधी शुद्ध कर. शुद्ध करून मग बोल. ओल्यात काय, काहीही दिसतं." तिने आकृती पुढे सरकवली होती. सरांनी ती मायेने परत सरकवली होती. "थिअरीचं आपण बघू. तू फक्त बनवत राहा. तुझा तो हात आहे ना, तो वाया घालवू नकोस." आणि पुढच्या वर्षी अनय आला, कम्प्युटरवर बसला, आणि थिअरीचं बघायला लागला. मोजमापाला सॅम्पल तीच भरून द्यायची, नळीचं तोंड वितळवून बंद करून, आत अल्कोहोलचा एक थेंब ठेवून. कुणी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. विचारतील, असं तिला वाटत होतं. कधीतरी कुणीतरी म्हणेल, श्रुतिका, हे तुझ्याच हातून का होतं? आणि मग ती सांगेल. असं वाटून घेण्यात दोन वर्षं गेली. ती वाट बघणं किती बावळट होतं ते तिला पंपासमोर उभं राहून कळत होतं, आणि सरांइतकाच तिला स्वतःचा राग येत होता. सगळी लॅब आपापल्या हट्टी बाटल्या घेऊन तिच्याकडे यायची, "श्रुतिका, जरा तू झाकण लाव गं, तू लावलंस की पडतं," आणि ती हसून झाकण लावायची. देवीच्या पायाला हात लावावा तसं. देवीला कुणी पेपरवर नाव देतं का?

तासाभराने तिने पंप बंद केला. पूड मोकळी, स्वच्छ, कोरडी ठाक झाली होती. सांगितलं होतं तसं तिने तंतोतंत केलं होतं. कुणी बोट ठेवू शकलं नसतं. नळी भरून तिने ती अनयच्या थर्मासशेजारी ठेवली.

सेमिनार हॉलमध्ये एमएससीची पोरं हजेरीसाठी कोंबली होती. एसी जोरात होता. पहिल्या रांगेत सर आणि वसुधा मॅडम, पाचव्या रांगेत श्रुतिका. अनय छान बोलतो, यात वादच नाही. हात कुठे ठेवायचे, कुठे थांबायचं, त्याला उपजत कळतं. "आता हे इलेक्ट्रॉन्स कसे वागतात?" त्याने विचारलं आणि मिस्किल हसला. "एक घर इमॅजिन करा. डुप्लेक्स. खाली तीन बेडरूम, वर दोन. सहा माणसं राहतात." पोरं हसली. श्रुतिकाला क्षणभर ऐकलेलं खरं वाटेना. तिने हे लॅबमध्ये नवीन मुलींना समजावलं होतं, अनय कोपऱ्यात बसलेला असताना. त्याने ते उचललं होतं आणि वर वाकोल्याची खोली काढून डुप्लेक्स बसवला होता! डुप्लेक्समध्ये थंडी पडली म्हणून कोण कुणाच्या पांघरुणात शिरतं रे? ज्याच्या त्याच्या खोलीला कडी असते. पण सर मान डोलवत होते, मॅडमसुद्धा हसल्या. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा, फणा काढून नाही, गोड हसून बसतो. मग क्रिस्टलच्या आतली रचना आली, रंगीत गोळ्या आणि काड्या, सुरेख. "इथे या पोकळ्यांमध्ये काहीतरी धूसर दिसत होतं," अनय म्हणाला. "ठरावीक असं काही नव्हतं, नॉइजसारखं. प्रोग्रॅमने ते काढून टाकलं, मग स्ट्रक्चर एकदम क्लीन आलं." त्याने पुढची स्लाइड लावली. ते धूसर म्हणजे तिचं अल्कोहोल. पोकळीत हलतडुलत बसलेलं, म्हणून फोटोत हललेलं. त्याने पुसून टाकलं होतं आणि पुसल्याचं अभिमानाने सांगत होता. श्रुतिकाने खुर्चीचा दांडा घट्ट धरला.

"आणि आता प्रत्यक्ष बघू," अनय म्हणाला. कॅमेरा लावलेला होता. पडद्यावर नळी माणसाएवढी दिसत होती आणि आतली पूड पिठासारखी शुभ्र. त्याने ती थर्मासात सोडली. पांढरी वाफ कडेवरून खाली लोळली, पोरांनी मोबाइल वर केले. अनयने नळी वर काढली.

पांढरी.

"थोडा वेळ लागतो कधीकधी." पुन्हा बुडवली. या वेळी जास्त वेळ. काढली. पांढरी. नळीवर बाहेरून हिम साचलं होतं, ते त्याने बोटाने पुसलं, आणि आत पांढरंच. मागे कुणीतरी खुसखुसलं. अनयची मान लाल झाली. आणि श्रुतिकाला वाटलं, आता. आता यांना कळेल. आता दिसेल की इथे काहीतरी नाहीये, जे यांच्यातल्या कुणाकडेही नाहीये. दोन वर्षं ज्या प्रश्नाची वाट बघितली तो आता यायलाच हवा होता.

राजाध्यक्ष सर उठले. हसत हसत मागे वळले. "श्रुतिका, आज काय झालं गं? लक्ष कुठे होतं तुझं?" मग मॅडमकडे बघून, समजूत घातल्यासारखं: "सॅम्पल हिचं आहे. घाई झाली असेल पोरीची. हातच तो, एखाद्या दिवशी नाही चालत."

आणि झालं. कुणाला काही चुकल्यासारखं वाटलंच नाही. अनयने सुस्कारा टाकला, पोरांनी माना वळवून तिच्याकडे बघितलं, पुन्हा पुढे वळवल्या. इतकं सोपं होतं ते. पडलं तरी हात, नाही पडलं तरी हात; डोक्याचा संशय यायला कुठे फटच नव्हती. तिने मोठा सापळा लावला म्हणून मनात धास्ती घेतली होती, आणि ते त्याच्यावरून पाय न अडकता चालून गेले होते. आपण गप्प बसलो हेसुद्धा यांना कधी कळणार नाही. गप्प बसायला आधी काहीतरी माहीत असावं लागतं, आणि हिला काही माहीत असेल हे यांच्या गावीच नाही! संतापाने तिच्या कानात घूं घूं व्हायला लागलं.

"सॅम्पलचं राहू दे," वसुधा मॅडम अनयला म्हणाल्या. "तुला काय वाटतं, का नसेल बदललं?"

"इम्प्युरिटी असेल, मॅडम. प्युरिफाय करून पुन्हा..."

"सॅम्पल शुद्ध आहे." श्रुतिका उभी होती. कधी उठली ते तिलाही कळलं नव्हतं. "मला सांगितलं होतं तसंच मी ते केलंय. का बदललं नाही, ते मला माहीत आहे."

"मग सांग की!" सर मोकळे होऊन म्हणाले. खरंच मोकळे झाले ते. त्यांचा चेहरा उजळला, आणि चहाचा कप मागावा तसा त्यांनी हात पुढे केला. सांग, आणि बस खाली.

"नाही सांगणार."

सरांचा पुढे केलेला हात खाली आला.

"म्हणजे?"

"सर, मी तुम्हाला दोन वर्षांपूर्वी केबिनमध्ये येऊन सांगितलं होतं. चित्र काढून आणलं होतं. तुम्ही म्हणालात, थिअरीचं आपण बघू. आता मी ते लिहिणार आहे. माझ्या नावाने. छापून आलं की वाचा."

"श्रुती, यार..." अनय पुटपुटला.

"तू बोलू नको. पोकळीतलं तू पुसलंस. मला एकदा विचारलं असतंस ना रे, काय आहे म्हणून, तर मी तुला सगळं फुकट दिलं असतं."

सरांचा चेहरा उतरला होता. त्यांना दुखलं होतं, ते दिसत होतं, आणि तिला त्याचंही वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचाही राग आला. "श्रुतिका," ते हळू आवाजात म्हणाले, "हे घर नाही रुसून बसायला. तुझा प्रबंध माझ्या सहीशिवाय जाणार नाही, एवढं लक्षात ठेवून बोल."

"लक्षात आहे, सर. चार वर्षं तेवढंच लक्षात ठेवलं."

वसुधा मॅडम मागे वळून तिच्याकडे बघत होत्या. काही तरी बोलतील असं वाटलं. "कितव्या वर्षाला आहेस?" त्यांनी विचारलं.

"चौथ्या."

"अवघड करून घेतेयस."

"हो, मॅडम."

मॅडमनी मान हलवली. ती हो होती की नाही होती, कुणालाच कळलं नाही. त्या पुन्हा पुढे वळल्या आणि पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडायला लागल्या. त्यांच्याकडून यापेक्षा जास्त काही येणार नव्हतं. आईला काय सांगायचं, बाबांना काय सांगायचं, सही नाही मिळाली तर काय, सगळं एकदम दाटून आलं, आणि तरी ती बसेना. हे संपवायला म्हणून अनयने घाईघाईने शेवटची स्लाइड लावली. त्यात आभार होते. कॉलेजचे, मशीनवाल्यांचे, ऑफिसच्या दोन माणसांचे, आणि सगळ्यांत खाली ठळक अक्षरांत तिचे: श्रुतिका घाडी, तिच्या जादुई हातांसाठी. शेजारी एक हसरा चेहरा. त्याने ते मनापासून घातलं होतं, चांगल्या भावनेने, तिला आनंद होईल म्हणून. सवयीने पोरांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

"अनय," ती म्हणाली. टाळ्या मध्येच थांबल्या. "ते काढ."

"काय?"

"माझं नाव. काढ तिथून."

"आत्ता?"

"आत्ता. सगळ्यांसमोर."

त्याने सरांकडे बघितलं. सर बूट बघत होते. मग तो लॅपटॉपवर वाकला, तिच्या ओळीच्या शेवटी जाऊन त्याने बोट दाबलं, आणि मोठ्या पडद्यावर आधी तो हसरा चेहरा गेला, मग हात गेले, मग जादू गेली. नावापाशी आल्यावर तो थांबला आणि त्याने वळून तिच्याकडे बघितलं. पुरे ना, असं. तिने मान हलवली नाही. एकेक अक्षर जात राहिलं, सगळा हॉल बघत राहिला, आणि शेवटचं अक्षर जाईपर्यंत ती उभी होती.